चारुता सागर या बाई नव्हेत

सांगलीच्या गावभागात माझं पिको-फॉलचं दुकान आहे, नऊ बाय सहाचं. एक पिकोचं मशीन, एक पायमशीन, फॉलच्या रंगांची फळी आणि गिऱ्हाइकाला टेकायला स्टूल. एवढ्यात रेडिओला जागा उरत नाही म्हणून तो खिळ्याला टांगलाय. सकाळी साडेनऊला शटर वर केलं की आधी रेडिओ, मग उदबत्ती. सासूबाई होत्या तोवर क्रम उलटा होता.

दुपारी दीड ते चार गिऱ्हाईक नसतं. सांगलीत त्या वेळेला कुणी साडी घेऊन बाहेर पडत नाही, आणि आलीच एखादी तर ती परगावची. त्या अडीच तासांत मी वाचते. बारावीनंतर शिक्षण थांबलं, त्यामुळं काय वाचावं हे सांगणारं कुणी भेटलं नाही. पेपरात पुस्तकांवर लिहून येतं, पण ते वाचून पुस्तक हातात घ्यावंसं क्वचितच वाटतं. लिहिणाऱ्याला चहा पाजून गप्प करावं असं मात्र पुष्कळदा वाटतं.

मग माझी मीच एक रीत लावून घेतली. कुणी शिवलेला ब्लाऊज उसवायला आणला की मी तो आधी उलटा करते. सरळ बाजूला इस्त्री काय, सगळेच फिरवतात. शिवणाऱ्याचा हात आत दिसतो, कात्रण कसं कापलंय, अस्तर कुठं ओढलंय. पुस्तकाचं आणि गाण्याचंही मी तेच करते. भाषांतर कुणाचं, छापलंय कुणी, अर्पण कुणाला, मागं व्हायोलिन कोण वाजवतंय. बारीक टायपातल्या त्या नावांच्या मागं गेलं की पुढचं पुस्तक नाहीतर पुढचं गाणं मिळतं. बहुतेक वेळा मिळतं. एकदा मात्र माझी चांगलीच फजिती झाली, ती आधी सांगते.

माझी लेक पुण्यात बी.फार्म. करते. तिच्या फोनला रिंगटोन होती ‘जीव रंगला’ची. फोन घरात राहिला की ते गाणं वीस सेकंद वाजायचं आणि तुटायचं. मला त्या तुटण्याचा राग यायचा. एका रविवारी टीव्हीवर ‘जोगवा’ लागला, २००९ सालचा सिनेमा. मी पाट्या वाचायला पार टीव्हीपाशी जाऊन उभी. “आई, आत शिरणार आहेस का आता?” लेक म्हणाली. संगीत अजय-अतुल, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाणी संजय कृष्णाजी पाटील यांची. आणि गोष्ट कुठून घेतली, तर राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा. मी मापाची वही ओढली आणि कुणाच्या तरी छत्तीस छातीच्या खाली तिन्ही नावं लिहून ठेवली.

चारुता सागर हे नाव मला फार आवडलं. डोक्यात चित्रच तयार झालं: मुंबईच्या असणार, केस कापलेले, कॉटनची साडी, फॉल न लावताच नेसणाऱ्या. देवीला सोडलेल्या जोगतिणींवर लिहायला ही बाई कधी आपल्याकडं आली असेल, कुठं उतरली असेल, असं सगळं. आठ दिवसांनी वाचनालयात गेले आणि काऊंटरवर विचारलं, “चारुता सागर बाईंचं काही आहे का हो?”

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “कुठल्या बाई?”

“चारुता सागर.”

“अहो, बाप्या माणूस आहे तो. दिनकर दत्तात्रय भोसले. टोपणनाव आहे ते. मळणगावचे.”

“मळणगाव कुठलं?”

“आपलं, कवठेमहांकाळचं. आणि कुठलं?”

माझ्यामागं रांगेत उभे असलेले पेन्शनर काका मोठ्यानं हसले. कवठेमहांकाळच्या बायका मी वीस वर्षं बघतेय. बाजाराला सांगलीत आल्या की माझ्याकडं फॉल टाकून जातात, संध्याकाळच्या एसटीच्या आधी घेऊन जातात. त्यांच्या साड्यांचे काठ मला पाठ आहेत. आणि त्यांच्या तालुक्यात बसून कुणीतरी असल्या कथा लिहिल्यात हे कळायला मला टीव्हीवरची पाटी लागली. मी त्यांचं नाव ऐकलं तेव्हा ते जाऊनही काही वर्षं झाली होती. मॅडमनी ‘नागीण’ हा संग्रह काढून दिला. तो मी एका बैठकीत वाचू शकले नाही. एक कथा वाचायची, मग दोन दिवस नुसता पिको मारायचा, असं करत तीन आठवडे लागले. दंड चार वेळा भरला.

‘चौंडकं’ मात्र दोन दुपारीत संपवली. कादंबरीला वाद्याचं नाव आहे हे मला आधी कळलंच नव्हतं, आणि कळल्यावर ते वाद्य आपण ऐकलेलं आहे हेही लक्षात आलं. माझं माहेर आटपाडीकडचं. मंगळवार-शुक्रवारी जोगतीण यायची, डोक्यावर देवीचा जग, कपाळभर भंडारा आणि बरोबरच्या बाप्याच्या काखेत ते एका तारेचं चौंडकं. त्याचा आवाज पोटातून आल्यासारखा यायचा, वर चढायचा आणि एकदम खाली पडायचा. आई सुपातून पीठ घालायची, वाकून पाया पडायची आणि ती वळणावर गेली की उंबऱ्यावर पाणी टाकायची. पाया पडणारा आणि पाणी टाकणारा हात एकच होता. कादंबरी वाचताना मला त्या देवीला सोडलेल्या पोरींइतकाच तो तांब्या दिसत होता. ‘भंडारभोग’ नंतर वाचली, तीही जड गेली, पण पहिली उतरली तशी ती माझ्यात उतरली नाही. तेव्हा दिवाळीचं काम होतं, त्याचाही दोष असेल.

लेकीचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅपच सांगतं पुढं काय ऐकायचं ते. तिनं माझ्या फोनवर घालून दिलं एक अ‍ॅप. चार दिवस ऐकलं. एक भावगीत लावलं की ते त्याच गायकाची अजून वीस लावतं. गायकाचा फोटो केवढा तरी मोठा आणि कवीचं नाव शोधायचं तर तीन टिंबं दाबा, मग खाली जा, मग कधी असतं, कधी नसतं. एका अभंगाखाली गीतकार म्हणून ध्वनिमुद्रिकेच्या कंपनीचं नाव होतं. तुकोबांनी हे बघितलं असतं तर गाथा परत नदीत सोडली असती. रेडिओवर असं होत नाही. आमची सांगली आकाशवाणी गाणं लावण्याआधी सांगते: गीत अमुक, संगीत तमुक, गायक फलाणे. तीन नावं घ्यायला सहा सेकंद लागत असतील. माझं निम्मं शिक्षण त्या सहा सेकंदांत झालंय.

‘स्वर आले दुरुनी’ हे त्यातलंच. गाणं लहानपणापासून ऐकलेलं, बाबूजींचं म्हणूनच ऐकलेलं. एके दिवशी हात रिकामे होते, बॉबिन भरत होते, म्हणून निवेदन नीट कानावर पडलं: गीत यशवंत देव, संगीत प्रभाकर जोग, गायक सुधीर फडके. मी बॉबिन भरायची थांबले. यशवंत देव म्हणजे संगीतकार. फडके म्हणजे संगीतकार. मग जोग कोण? तर ते फडक्यांबरोबर व्हायोलिन वाजवणारे, ‘गीतरामायणा’च्या कार्यक्रमांतले. म्हणजे या एका गाण्यात एका संगीतकारानं शब्द लिहिलेत, दुसरा संगीतकार गातोय आणि चाल लावलीय मागं बसून वाजवणाऱ्यानं. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या मशीनवर बसून काम केलंय आणि एक टाका इकडचा तिकडं नाही. त्या दिवसापासून प्रभाकर जोग हे नाव कानात ठेवलं, आणि मग ‘लपविलास तू हिरवा चाफा’ सापडलं. तेही ऐकलेलंच, मालती पांडे यांच्या आवाजातलं. पण त्याची चालही जोगांची, हे माहीत नव्हतं. शब्द गदिमांचे. म्हणजे फिरून मी माहेरीच आले, कारण गदिमांचं शेटफळे आणि माडगूळ दोन्ही आमच्या आटपाडी तालुक्यात. त्याच घरातला धाकटा भाऊ, व्यंकटेश माडगूळकर, त्यांनी ‘बनगरवाडी’ लिहिली. एका भावाकडं गाणं, एकाकडं कादंबरी. आमच्या माणदेशात पाऊस पडत नाही, पण असं काही अधूनमधून पडतं.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात आली. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका म्हणतात, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. माझ्या दुकानात ते छताला टेकलं होतं. पाणी उतरल्यावर शटर पहारीनं उघडावं लागलं. पिकोच्या मशीनमधून मी तीन वाट्या गाळ काढला, अतिशयोक्ती नाही, वाटीनंच काढला. गिऱ्हाइकांच्या बावीस साड्या गेल्या. त्याबद्दल कुणी भांडलं नाही, एक सोडून. तिचं नाव सांगत नाही, अजून गिऱ्हाईक आहे.

गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात चिखलाचा ढीग होता. गाद्या, फोटो, फ्रीज, पोरांची दप्तरं. एका ढिगात मला एक पुस्तक दिसलं, मुखपृष्ठ गेलेलं, पुढची काही पानं गेलेली, मागचीही गेलेली. जे मधलं राहिलं होतं ते फुगून पापडासारखं झालेलं. का उचललं ते माहीत नाही. हाताला काम नव्हतं, मशिनी दुरुस्तीला गेलेल्या. दोरीवर चिमटे लावून सुट्टी पानं वाळवली आणि वाचायला बसले.

ज्योडी नावाचा पोरगा. त्याचा बाप, त्याची करवादलेली आई, जंगलातली एकटी वस्ती, शेतात घुसणारं अस्वल आणि पोरानं घरी आणलेलं हरणाचं पिल्लू. नावं सगळी साहेबाची, पण माणसं आमच्या वळणाची. पीक गेलं की बाप जसा गप्प बसतो तसा गप्प बसणारा तो बाप. पुस्तकात पूरही आला, पावसानं सगळं झोडपलं, आणि मी ते चिखलाच्या वासात वाचत होते. पिल्लू मोठं झालं, शेतातले कोंब खायला लागलं, आणि तिथं पानं संपली.

मी वेडी व्हायची राहिले. पुस्तकाचं नाव माहीत नाही, लिहिणाऱ्याचं नाही, आणि त्या हरणाचं काय झालं ते नाही. माझी सगळी रीत नावांवर चालते आणि इथं एकही नाव नव्हतं. पुढं कधीतरी वाचनालयात जाणं झालं तेव्हा मॅडमना म्हटलं, एक पोरगा आहे, हरणाचं पिल्लू आहे… वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, “‘पाडस’. राम पटवर्धन.” आणि मग हळू आवाजात, “शेवट उभ्यानं वाचू नका.”

मी ऐकलं नाही. तिथंच रॅकपाशी वाचला. मग दुकान न उघडता घरी गेले.

मूळ पुस्तक मार्जोरी किनन रॉलिंग्ज या बाईंचं, आणि या खरोखरच बाई, मी विचारून घेतलं. फ्लोरिडातली गोष्ट, १९३८ साली आलेली. पण माझं डोकं ते मराठीत आणणाऱ्या पटवर्धनांपाशी अडकलं. इतकं पिळाचं मराठी लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या कादंबऱ्या किती लिहिल्या असतील म्हणून शोधायला गेले, तर कळलं की हे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक. जन्मभर दुसऱ्यांचं लिखाण वाचलं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते बघितलं. आमच्या धंद्यात याला फिनिशिंग म्हणतात. ते करणारा कारागीर आत बसलेला असतो, गिऱ्हाईक त्याला कधी बघत नाही. दुकानाच्या पाटीवर नाव मालकाचं.

तसं बसलेलं माणूस मला प्रत्यक्ष भेटलं ते मिरजेत. तानपुरे बनवणाऱ्या एका घराला गवसण्या शिवून हव्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या शिंप्याला कावीळ झालेली. माप घ्यायला मीच गेले. सतारमेकरांच्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो, पॉलिशचा आणि तासलेल्या लाकडाचा. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. भाजीचा भोपळा वेगळा, हा कडू आणि जाड सालीचा. मी माझी साठ इंची टेप भोपळ्याभोवती फिरवत होते, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले चाचा म्हणाले, “ताई, दोरा आहे का पर्समध्ये? सुती पाहिजे. टेरिकॉटचा नको.”

माझ्याकडं चाळीस नंबरचं पांढरं रीळ होतं. त्यांनी वीतभर तोडला, चार तुकडे केले. भोपळ्याच्या पुढं तबलीवर घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. एकेका तारेखाली त्यांनी माझा दोरा सरकवला. तार छेडली, आवाज पत्र्यावर पडल्यासारखा आला. दोरा केसभर पुढं. पुन्हा छेडली. अजून केसभर. मी म्हणणार होते की बसला की आता, तेवढ्यात तार उघडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. एका तारेतून सात-आठ आवाज निघून खोलीत फिरायला लागले. याला जवारी लावणं म्हणतात. घोडीचा माथा अगदी सूक्ष्म उताराचा घासलेला असतो, तार त्याला घासत थरथरते आणि ती नेमकी कुठं टेकावी ते हा दोरा ठरवतो. दहा पैशाचा दोरा.

“कुणाचा आहे हा?” मी विचारलं.

“पुण्याहून फोन आला होता. गाणाऱ्या बाई आहेत, एवढंच.” मग त्यांनी फोनवर एक जुनी रेकॉर्ड लावली. “हे ऐका. हे कानात ठेवून आम्ही जवारी लावतो.” तीन-सव्वातीन मिनिटांची ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’. अब्दुल करीम खाँसाहेब. बारीक, टोकदार आवाज, पण कुठं टोचत नाही. मला शास्त्रीयातलं काही कळत नाही, ताना सुरू झाल्या की माझं लक्ष उडतं. इथं मात्र संपल्यावर मी म्हटलं, परत लावा. खाँसाहेब उत्तरेतल्या किराणा गावचे, पण राहिले मिरजेत. १९३७ साली मद्रासकडं प्रवासात गेले आणि त्यांना आणलं मिरजेला. कबर मीरासाहेब दर्ग्यात आहे, तिथं उरुसात गाणं होतं. सांगलीहून बसनं अर्ध्या तासाचं अंतर, मी आयुष्यात गेले नव्हते. आता दोन वर्षं जाते, रात्री शाल घेऊन, मागं बसते.

तिथंच शेजारच्या एका आजींनी सांगितलं की हिराबाई बडोदेकर त्यांची लेक. सरस्वती राणे पण. सुरेशबाबू माने हे पोरगा. तिघांच्या नावात बापाचं नाव नाही. ती पोरं आईबरोबर वेगळी झाली, आईचं नाव ताराबाई माने. माझी नावांची रीत इथं उपयोगी पडली नसती, आजीच पाहिजे होत्या. हिराबाई तर जन्मल्या मिरजेत, १९०५ साली. आता दुपारी हिराबाई लावते. दोन नियमित गिऱ्हाइकांनी तक्रार केली, एकीनं स्टूल ओढून घेतलं.

चाचांना २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याबद्दल विचारलं होतं. “मिळालं, चांगलं झालं,” म्हणाले, आणि दोरा दातात धरून पुढच्या तारेकडं वळले.

त्याच वर्षीची अजून एक गोष्ट. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. शिवणकाम करणारा माणूस, शिंप्यावरची कादंबरी. ही बातमी कापून माझ्याकडं चार जणींनी आणली. “वहिनी, तुमच्यातलाच हाय बघा की.” सगळेच सांगायला लागले की माझा उत्साह जातो, पण पुस्तक उघडून आधी छापणाऱ्याचं नाव बघितलं: देशमुख आणि कंपनी. ‘कोसला’ १९६३ साली काढणारे तेच हे. (‘कोसला’ मी तीनदा सुरू केली. पुन्हा करीन.) ‘उसवण’ मी वाचली ती तपासनिसासारखी. याला खरंच मशीन माहीत आहे का, का नुसतं लांबून बघून लिहिलंय? दहाव्या पानापर्यंत माझा पाय खालच्या पायडलवर आपोआप हलायला लागला. तयार कपडे आले आणि शिंप्याचं गिऱ्हाईक तुटलं, ही ती गोष्ट. मी ब्लाऊजवरून पिको-फॉलवर का आले ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तयार ब्लाऊज दोनशेला मिळायला लागले, म्हणून. लोकांना सांगते, डोळ्यांना त्रास होतो.

परवा संध्याकाळी साडेसहाला मॅडमचा फोन आला. चारुता सागर यांचं ‘मामाचा वाडा’ परत आलंय, मी तीन महिने नंबर लावून बसले होते. “सातला कपाट बंद करते मी, मग सोमवारीच.” मशीनवर एका बाईंची साडी अर्ध्या फॉलपर्यंत आलेली, त्या स्टुलावर बसलेल्या. मी सुई वर घेतली, दोरा तोडला, त्यांना म्हटलं वीस मिनिटांत येते, नाहीतर तुम्हीच चला बरोबर, पाय मोकळे होतील.

“कुणाचं पुस्तक एवढं?”

“चारुता सागर.”

“नवीन आहेत का या? कुठल्या बाई?”

“शटर धरा जरा तिकडून,” मी म्हटलं. “वाटेत सांगते.”